३५ वर्षं भरली तरी फुल स्टेट पेन्शन का दिसत नाहीये? (यूके)

लेस्टरकर:
मंडळी, जरा मदत हवी होती. मिसेस एप्रिल १९९६ पासून एनएचएसमध्ये (यूकेची सरकारी आरोग्यसेवा) नर्स आहे, जून २०३१ ला ६७ पूर्ण होतील. तिचं स्टेट पेन्शनचं (सरकारी पेन्शन) फोरकास्ट काढलं तर तोपर्यंत नोकरी करूनही आठवड्याला साधारण २१० पाउंडच दाखवतंय. २०२०-२१ ला माझ्या आईच्या आजारपणात ती पुण्यात होती, बिनपगारी, तेवढं एकच वर्ष रिकामं आहे. ते भरलं की एनआयची (नॅशनल इन्शुरन्स, पगारातून कापली जाणारी वर्गणी) ३५ वर्षं होतात ना, मग २०२५-२६ च्या रेटचे फुल २३०.२५ का नाही, सरकारी साइट २१६ च्या पुढे जातच नाहीये. आणि खाली कॉन्ट्रॅक्टेड आउट म्हणून सीओपीई ३८ पाउंड लिहिलंय, ते पण कापणार का? म्हणजे हातात १७२??

हॅरोची_ताई:
दादा, आधी ते ३८ डोक्यातून काढा, ते परत कापत नाहीत, २१० हा आकडा ते धरूनच आलाय. एनएचएस पेन्शनमुळे २०१६ पर्यंत आपला एनआय कमी कापला जायचा, त्या बदल्यातला भाग एनएचएसच्याच पेन्शनमधून येतो, सीओपीई म्हणजे त्याचा नुसता अंदाज.

आता ३५ चं. तो नियम ज्यांचं सगळं रेकॉर्ड एप्रिल २०१६ नंतरचं आहे त्यांच्यासाठी. आधीपासून भरणाऱ्यांचा ६ एप्रिल २०१६ ला जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नियमांनी हिशोब केला आणि जास्त आला तो धरला. वहिनींची तेव्हा २० वर्षं. जुन्या नियमाने तेव्हाच्या फुल ११९.३० चे २०/३०, म्हणजे ७९.५०च्या आसपास. नव्याने फुल १५५.६५ चे २०/३५, म्हणजे ८९, पण त्यातून सीओपीई वजा, म्हणून जुना जिंकला. हे ७९.५० म्हणजे तेव्हाच्या नव्या फुलच्या ५१ टक्के. पुढच्या प्रत्येक वर्षाला १/३५ मिळतो, २०२५-२६ च्या रेटने आठवड्याला ६.५८ पाउंड. २०३१ पर्यंत १५ वर्षं, सगळी भरली तरी ९४ टक्के, तेच तुमचे २१६. त्यामुळे वर्षं मोजत बसू नका, साइट जास्तीत जास्त किती सांगते तेवढंच बघा.

ते रिकामं वर्ष मात्र नक्की भरा हो! २०२५-२६ च्या रेटने क्लास ३ चे (रिकाम्या वर्षासाठी स्वतःहून भरायचा एनआय) साधारण ९२३ पाउंड जातील आणि वर्षाला ३४२ वाढतील, तीन वर्षांच्या आत वसूल. मुदत ५ एप्रिल २०२७.

लेस्टरकर:
ताई खूप खूप आभार, मोठं टेन्शन गेलं. रिटायर झाल्यावर पुण्यालाच जायचा विचार आहे, तिथे पेन्शन मिळतं ना?

क्रॉयडनचा_मिलिंद:
मिळतं, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. भारतात राहिलात तर ज्या रकमेवर सुरू झालं त्याच रकमेवर गोठतं, अमेरिकेत किंवा फिलिपिन्सला वाढतं आणि भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला नाही, आयुष्यभर एनआय भरलेल्या माणसांवर हा सरळसरळ अन्याय आहे. परत यूकेत राहायला आलात तर चालू रेट लागू होतो. त्यामुळे पुण्याचा खर्च काढताना २१६ धरा, वर एक पेनी नको. आणि ९२३ भरायच्या आधी फ्यूचर पेन्शन सेंटरला (स्टेट पेन्शनची सरकारी हेल्पलाइन) वहिनींनाच फोन करायला सांगा, त्या वर्षाने नक्की किती वाढेल ते विचारून घेऊ दे, पैसे गेल्यावर सहसा परत मिळत नाहीत.