ऑब्जेक्ट डेटाबेसच्या क्वेरी भाषेत टिंबाची किंमत कशी धरावी?

कुळागर, फोंडा

जत्रा-उत्सवांत होणाऱ्या नाटकांची नोंद आम्ही काही हौशी मंडळी झेडओडीबी या मुक्तस्रोत पायथॉन ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवतो. मंडळ, प्रयोग, देवस्थान, कलाकार हे ऑब्जेक्ट जसेच्या तसे साठवता येतात, ही त्याची मोठी सोय. मात्र त्याला स्वतःची क्वेरी भाषा (साठ्याला प्रश्न विचारण्याची भाषा) नसल्यामुळे प्रत्येक नव्या प्रश्नासाठी नवा लूप लिहावा लागतो. म्हणून मी एक छोटी भाषा लिहावयास घेतली असून तिच्यात पुढील वाक्य चालते:

प्रयोग जेथे प्रयोग.देवस्थान.तालुका = "सांगे"

पार्सर (वाक्याची फोड करणारा भाग) दोन संध्याकाळींत उभा राहिला, पण प्रत्येक टिंबाला एक ऑब्जेक्ट डिस्कवरून उचलला जात असल्याने उत्तर येईपर्यंत चहा होतो. यावर उपाय म्हणून या संपूर्ण वाटेचा इंडेक्स (शोधसूची) प्रयोगांवर बांधला आणि वेग मिळाला. पुढे लक्षात आले की कुळ्याच्या देवस्थानाचा तालुका जुन्या कागदांवरून ‘सांगे’ असा नोंदवला गेला आहे. तो दुरुस्त करून ‘धारबांदोडा’ केला, तरी तिथले सगळे प्रयोग सांग्यातच दिसत राहिले; कारण बदल देवस्थानात झाला होता आणि प्रयोगाच्या ऑब्जेक्टला त्याची गंधवार्ताही नव्हती. हा इंडेक्स ताजा कसा ठेवावा? तसेच अटींमध्ये मेथड (ऑब्जेक्टला जोडलेले फंक्शन) बोलावण्याची मुभा द्यावी का?

साळकाठ, मडगाव

संपूर्ण वाटेवर इंडेक्स बांधू नये, वाट टिंबापाशी तोडावी. देवस्थानांचा तालुक्यानुसार एक बीट्री (किल्ल्या क्रमाने ठेवणारा इंडेक्स) ठेवा आणि प्रयोगांचा देवस्थानाच्या ओआयडीनुसार (ऑब्जेक्टच्या ओळख-क्रमांकानुसार) दुसरा. क्वेरी चालवताना आधी पहिल्या बीट्रीतून त्या तालुक्यातील देवस्थानांचे ओआयडी काढावेत, मग दुसऱ्यातून त्यांचे प्रयोग. असे केल्यास कुळ्याचा तालुका बदलताना पहिल्या बीट्रीतील एकच नोंद हलवावी लागते, आणि शेवटच्या निवडीपर्यंत प्रयोगाचा एकही ऑब्जेक्ट उघडावा लागत नाही. रिलेशनल (तक्त्यांचे डेटाबेस वापरणारी) मंडळी ज्याला जॉइन, म्हणजे दोन तक्ते जोडणे, म्हणतात तेच हे. ऑब्जेक्ट डेटाबेस घेतला म्हणून जॉइन सुटत नाही, तो टिंबाआड लपतो एवढेच.

भाषेचे व्याकरण नव्याने रचण्यापूर्वी ओक्यूएल ही ऑब्जेक्ट डेटाबेसची जुनी क्वेरी भाषा नजरेखालून घालावी. ऑब्जेक्ट डेटाबेसची मानके ठरवणाऱ्या ओडीएमजी या गटाने १९९३ मध्ये आपल्या पहिल्या मानकात ती मांडली, २००० मध्ये ३.० आवृत्ती काढली आणि २००१ मध्ये गटच विसर्जित झाला. ती संपूर्णपणे राबवणे फार जड जाते, त्यामुळे सगळी घेण्याच्या फंदात पडू नका. पण वाटेत एखादा दुवा रिकामा निघाला तर काय करावे, यासारखे प्रश्न तिथे आधीच विचारात घेतलेले आढळतील. शाळेच्या सभागृहात झालेल्या प्रयोगाला देवस्थान नसणारच!

आल्तिनो, पणजी

मुळात स्वतंत्र पार्सर कशाला, असा माझा प्रश्न आहे. डीबीफोरओ या डेटाबेसमध्ये जावा किंवा सी-शार्पमध्येच अट लिहिता येत असे. तो त्या अटीचा बाइटकोड (संगणकासाठी भाषांतरित झालेले रूप) तपासून इंडेक्स वापरता येईल असे रूप शोधी. ते न जमल्यास ऑब्जेक्ट एकेक करून उभे करी आणि अट चालवी. पायथॉनमध्ये पोनी ओआरएम ही डेटाबेस-लायब्ररी जनरेटर एक्स्प्रेशनचा (एका ओळीत लिहिलेल्या लूपचा) बाइटकोड असाच वाचते. यात धोका इतकाच की क्वेरी कधी वेगवान चालेल आणि कधी रखडेल हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. म्हणून कोणता मार्ग निवडला ते सांगणारी ‘स्पष्ट कर’ ही आज्ञा पहिल्या दिवसापासून असावी.

मेथडला माझा विरोध आहे. अट ही फक्त वाचणारी असली पाहिजे.

कुळागर, फोंडा

विरोध पटला, आणि त्याचे कारण आमच्याच घरात सापडले. मंडळाच्या ‘एकूण_प्रयोग’ या मेथडमध्ये मी हिशोब करून तो त्याच ऑब्जेक्टवर जपून ठेवत होतो. क्वेरीने ती प्रत्येक मंडळावर चालवली, त्यामुळे सगळी मंडळे ‘बदललेली’ ठरली आणि ट्रान्झॅक्शन (एकत्र नोंदवायच्या बदलांचा गट) पूर्ण होताच पुन्हा लिहिली गेली. झेडओडीबीचे फाइल-स्टोरेज जुनी प्रत न पुसता नवी शेवटी जोडते, त्यामुळे नुसत्या शोधाने फाइल फुगली. पॅक केल्यावरच (जुन्या प्रती काढून टाकल्यावरच) आटोक्यात आली. आता क्वेरी संपल्यावर ट्रान्झॅक्शन नेहमी रद्दच करतो. तोडलेल्या वाटेने कुळ्याचे प्रयोग धारबांदोड्यात आले आहेत.

साळकाठ, मडगाव

मग बरोबरीच्या चिन्हाचा अर्थही आताच ठरवून टाकावा. ‘नवऱ्या’ हा शब्द कोणी ‘ऱ’ वापरून टंकतो, तर कोणी साधा ‘र’, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बीट्रीत त्यांच्या दोन वेगळ्या किल्ल्या होतात. युनिकोडचे एनएफसी हे अक्षरे एकसारखी करणारे रूप हा भेद मिटवत नाही. तेव्हा इंडेक्समध्ये घालताना आणि क्वेरीतील मजकूर वाचताना एकच स्वतःचे फंक्शन लावावे. नाटकाचे मूळ नाव मात्र ज्याने जसे लिहिले तसेच राहू द्यावे.