टँकमधला पाचोळा म्हणजे घाण नव्हे

तळ्याकाठची

काल मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने चहाच्या रंगाच्या टँकचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'पानं टाकून पाणी पिवळं करायचं आणि त्याला नॅचरल म्हणायचं, हा निव्वळ आळस आहे. काचेसारखं पाणी ठेवता येत नसेल तर मासे पाळू नका.' त्यावर धडाधड अंगठे पडले. तिथे लांब लिहिता येत नाही, म्हणून इथे.

पाणी काचेसारखं कुणाला हवंय? हॉलमध्ये सोफ्यावर बसून बघणाऱ्याला. कार्डिनल टेट्रा हा छोटा मासा ब्राझीलमधल्या ज्या रिओ निग्रो नदीतून येतो तिचं पाणी कुजलेल्या पाल्यातून उतरणाऱ्या टॅनिन आणि ह्युमिक आम्लांमुळे गडद तपकिरी असतं. पीएच ४ ते ५ च्या घरात, म्हणजे चांगलंच आम्लधर्मी, क्षार जवळपास नाहीतच. आणि ते गढूळ नसतं. मनाउस शहराजवळ ही नदी चिखलाच्या सोलिमोइसला, म्हणजे ॲमेझॉनच्या वरच्या प्रवाहाला मिळते, तिथे दोन्ही प्रवाह साधारण ६ किलोमीटर एकमेकांना चिकटून वाहतात तरी मिसळत नाहीत. गढूळ आहे ती सोलिमोइस. निग्रोत गाळ फारच कमी. रंग आणि घाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी मासे विकणाऱ्यांनी आणि पाळणाऱ्यांनी समजून घ्यावं.

आपल्याला मुंबईत नळाला जे पाणी येतं ते भातसा, वैतरणा, तानसाचं, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या दगडावर पडलेला पाऊस. मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी. बोअरच्या जड पाण्यावर टँक चालवणाऱ्यांना कितीही पानं टाकून जे साधत नाही, ते आपल्याला नळ सोडून मिळतं. वर बदामाची झाडं गल्लोगल्ली. हिवाळा सरताना पानं लाल होऊन आपोआप गळतात. ती उचलायची, धुवायची, सावलीत वाळवायची, रात्रभर भिजवायची आणि ४० लिटरला एक मोठं पान या हिशेबाने सोडायची. सुरूची बोंडं उकळून घ्यायची. पानावर जो बुळबुळीत थर चढतो तो श्रिंपची पिल्लं दिवसभर टोचून खातात आणि बेट्टाची, म्हणजे फायटर माशाची पोरं त्यातले सूक्ष्म जीव. दोनतीन आठवड्यांत पानाची नुसती जाळी उरते, ती काढून नवीन टाकायची. यात आळस कुठला? दर आठवड्याला पाणी मी बदलतेच, क्लोरीन घालवायला हायपोचे खडे घालतेच. माझ्याकडचा नर बेट्टा काचेसारख्या पाण्यात कोपऱ्यात पडून असायचा. पानं टाकल्यावर त्याने बुडबुड्यांचं घरटं बांधलं. मला आणखी कुणाचा दाखला नको.

स्वच्छपाणी

ती पोस्ट माझीच. तेव्हा उत्तरही मीच देतो.

ताई, तुम्ही ज्या मऊ पाण्याचं कौतुक केलंत तेच इथे वैरी आहे. आपल्या नळाच्या पाण्याचा केएच, म्हणजे आम्ल पेलायची ताकद, किती? माझ्या किटवर दोनच्या वर क्वचित जातो. म्हणजे पीएच धरून ठेवायला त्यात काही नाही. पानं टाका, माशांची विष्ठा पडू द्या, पाणी बदलायला दोन आठवडे उशीर करा, की पीएच सहाच्या खाली. तिथे अमोनिया खाणारे जिवाणू जवळपास थांबतात आणि विष्ठेतला अमोनिया साठत जातो. मासे मात्र लगेच मरत नाहीत, कारण आम्लात अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, तो तेवढा विषारी नाही. मग मालक जागा होतो आणि एका दमात अर्धं पाणी बदलतो. पीएच वर जातो, साठलेल्या अमोनियमचा अमोनिया होतो आणि सकाळी सगळे मासे वर तरंगतात. लोक म्हणतात नळाचं पाणी वाईट होतं.

माझ्या मेव्हण्याच्या घरी हेच झालं. नेटवर वाचून मूठभर पानं टाकली, मे महिन्यात सगळे गावाला गेले, शेजाऱ्याला फक्त खायला घालायला सांगितलं. परतल्यावर एक टेट्रा जिवंत नव्हता. मे महिन्याचा दुसरा त्रास म्हणजे ऑक्सिजन. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम मावतो, ३२ ला ७.३. त्यात पानं कुजताना तोच खातात. बेट्टा वर येऊन हवा घेतो, त्याला फरक पडत नाही. टेट्राने काय करायचं? तुमच्या एका बेट्टाच्या घरट्यावरून सगळ्या मुंबईला सल्ला देऊ नका.

कुर्ला_रविवार

दोघांचंही चालू द्या, पण मूळ दुखणं कुणी बोलत नाही. रस्त्यावर फुकट पडणारं पान ऑनलाइन शंभर-दीडशेला दहा असं विकलं जातंय आणि पाकिटावर लिहिलंय 'सर्व रोगांवर उपाय'. फिन रॉट (पर कुजण्याचा रोग) झालेल्या बेट्टाला बदामाचं पान घालून बसलेले लोक मी बघतो. मासा जातो, मग दुकानदाराशी भांडायला येतात. प्रयोगशाळेत अर्काने जंतू मरतात, खरं आहे. पण तो अर्क आणि टँकमध्ये तरंगणारं एक पान यांच्या मात्रेत किती अंतर आहे? पान म्हणजे औषध नाही. आणि मोली, गप्पी, मलावीचे सिक्लिड ठेवणाऱ्यांनी तर याच्या नादी लागूच नये. त्यांना जड, अल्कली पाणी लागतं.

तळ्याकाठची

@कुर्ला_रविवार, मी कुठेही औषध म्हटलेलं नाही. मोलीच्या टँकमध्ये पानं घाला असंही नाही.

@स्वच्छपाणी, मेव्हण्यांचे मासे पानांनी मारले की उन्हाळ्यात टँक वाऱ्यावर सोडल्याने? शेजारी रोज चिमूटभर जास्त खाणं टाकत असेल तर पान नसतानाही तेच झालं असतं.

रानवाट

'पानं उचलायची' हे इतकं सहज लिहू नका. कुठली पानं? करंज मुंबईच्या रस्त्यांवर भरपूर आहे आणि करंजाच्या बिया-मुळांनी मासे मारतात हे आदिवासी पाड्यावर कुणीही सांगेल. गेळ्याचं फळ ठेचून डोहात टाकतात, रिठ्याच्या फेसाने कल्ल्यांचं वाटोळं होतं. कण्हेर तर माणसालाही मारते. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, हे येतं कुठून?

दुसरं, रविवारी राष्ट्रीय उद्यानातून पिशव्या भरून पानं, ओंडके आणि ओढ्यातले मासेसुद्धा नेणारे लोक मी पाहिलेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथलं वाळकं पानही परवानगीशिवाय नेता येत नाही. तो पाचोळा तिथल्या ओढ्याचा आहे, तुमच्या हॉलचा नाही. टोकलं तर म्हणतात 'दोन पानांनी काय होतंय'. संताप येतो.

खिडकीतलं_झाड

उद्यानात जायची वेळच येणार नाही हो, सोसायटीतली झाडं शिल्लक ठेवलीत तर. आमच्या आवारात मोठं बदामाचं झाड होतं. थरावर थर फांद्या, रात्री वटवाघळं फळं खायला यायची. पावसाळ्याआधी छाटणी म्हणून कंत्राटदार आला आणि नुसता खांब ठेवून गेला. कारण काय, तर पानं गाड्यांच्या बॉनेटवर पडतात आणि गटाराची जाळी तुंबते! आता पानंही नाहीत, सावलीही नाही.

मुलुंड_सेक्रेटरी

अवांतर आहे, पण गप्प बसवत नाही. तुम्ही वरून बघता, खाली जबाबदारी आमच्यावर असते. जूनच्या पहिल्या वादळात फांदी कुणाच्या डोक्यावर पडली तर पोलीस सेक्रेटरीला बोलावतात, खिडकीतल्या झाडाला नाही. महापालिकेकडे अर्ज, पाहणी, परवानगी, मग कंत्राटदाराचे पैसे. आणि सभेत तीच माणसं ओरडतात की मेंटेनन्स का वाढला.

खिडकीतलं_झाड

परवानगी छाटणीची होती की मुंडण करायची? १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे ना? वठलेल्या फांद्या काढा, तोल साधा, कोण नाही म्हणतंय? बुंध्याला चहूबाजूंनी काँक्रीट घालून मुळांचा श्वास कोंडायचा आणि मग झाड धोकादायक झालं म्हणून कापायचं, हे प्रत्येक सोसायटीत चाललंय. कापलेला पाला तिथेच पेटवला तोही वेगळा.

मुलुंड_सेक्रेटरी

आमच्या सोसायटीत कुणी काही पेटवत नाही. न बघता आरोप करू नका.

रानवाट

तुमच्याकडे नसेल, बाकी ठिकाणी सर्रास पेटवतात. उघड्यावर कचरा जाळण्यावर हरित लवादाने २०१६ मध्येच देशभर बंदी घातली, ५ हजार दंड, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार. तरी जानेवारी आला की पहाटे धूर. माझ्या आईला दमा आहे, तिला विचारा पानं जाळल्याने काय होतं.

कुर्ला_रविवार

मंडळी, धागा माशांचा आहे.

खिडकीतलं_झाड

झाडच नसेल तर पान कुठून आणणार? धागा त्याचाच आहे.

स्वच्छपाणी

झाडावरून परत येतो. रानवाट म्हणतात तो मुद्दा माझ्याही मनात होता. हायवेलगतच्या झाडाच्या पानावर केवढी काजळी असते ते बोट फिरवून बघा. नुसतं धुऊन जात नाही. सोसायटीच्या आतल्या, रंग-फवारणी न झालेल्या झाडाचं पान असेल तर गोष्ट निराळी.

बेट्टा आणि श्रिंपच्या टँकबद्दल मी वाद घालणार नाही. पानाआड लपायला मिळतं, पिल्लं जगतात, हे ब्रीडिंग करणारे दोघेतिघे मलाही सांगतात. पोस्टमधला 'आळस' काढून टाकतो. पण 'मासे पाळू नका' तसंच ठेवणार, ज्यांच्याकडे पीएच आणि केएचचं किट नाही त्यांच्यासाठी. आणि पाण्याचा रंग मला अजूनही आवडत नाही. फिल्टरमध्ये कार्बन घालून मी तो काढतो.

तळ्याकाठची

तुमच्या टँकमध्ये जरूर काढा. किटचं म्हणणं मला पटतं. केएच दोनच्या खाली गेला तर फिल्टरमध्ये शंखशिंपल्यांचा चुरा चिमूटभर ठेवायचा, पाणी थोडंथोडं आणि वेळेवर बदलायचं, मे महिन्यात पानं निम्मी करून एअर पंप रात्रभर चालू ठेवायचा. हे मूळ लेखात हवं होतं असं तुम्ही म्हणाल, तर म्हणा. पण भीती दाखवून लोकांना पानांपासून तोडू नका. प्लॅस्टिकची झाडं आणि निळे खडे टाकलेल्या टँकला कुणी आळस म्हणत नाही, तिथे मासा लपायला जागा शोधत काचेवर आपटत असतो.

@मुलुंड_सेक्रेटरी, तुमच्या आवारात बदाम आहे का?

मुलुंड_सेक्रेटरी

दोन आहेत. एक गेटपाशी, एक मागे पाण्याच्या टाकीजवळ. मागच्याला कुणी हात लावलेला नाही.

तळ्याकाठची

मग यंदा फेब्रुवारीत मागच्या झाडाखालचा पाला झाडूवाल्याला कचराकुंडीत टाकायला सांगू नका. आमच्या ग्रुपमधले पाचसहाजण पोती घेऊन येतील, निवडून नेतील. वर्षभर पुरतील एवढी मिळतात.

मुलुंड_सेक्रेटरी

या. पण उरलेला पालाही तुम्हीच गोळा करून खतखड्ड्यात टाकायचा आणि जाळी मोकळी करून जायचं. गेटपाशच्या झाडाची वाळकी फांदी मात्र मेआधी निघणार, ती रस्त्यावर लोंबतेय. त्यावर सह्यांची मोहीम नको.

खिडकीतलं_झाड

वाळकी तेवढीच निघाली तर नाही करणार. कंत्राटदार येईल त्या दिवशी मी खाली उभी राहीन.