व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये डावीकडे स्लाइडिंग दिसत नाही: आयसीडी टाकण्याआधी काय काय बघायचं?

रात्रपाळी_रेसिडेंट

नमस्कार. प्रश्न इंट्युबेटेड (श्वासनळीत ट्यूब घातलेल्या) पेशंटच्या लंग अल्ट्रासाउंडचा आहे. सॅच्युरेशन अचानक घसरतं, व्हेंटिलेटर हाय प्रेशरचा अलार्म देतो. प्रोब लावला की उजवीकडे स्लाइडिंग (श्वासाबरोबर प्ल्युराचे, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचे, थर एकमेकांवर सरकणं) छान दिसतं, डावीकडे पुढच्या भागात काहीच सरकत नाही, एम-मोडला (एका रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारं चित्र) सरळसोट बारकोड, म्हणजे नुसत्या आडव्या रेषा. बीपी मात्र टिकून आहे. अशा वेळी एवढ्या भरवशावर आयसीडी (छातीतली हवा काढणारी नळी) टाकायची की एक्स-रेसाठी थांबायचं? ‘स्लाइडिंग नाही म्हणजे न्यूमोथोरॅक्स (फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये साठलेली हवा)’ हे व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये कितपत धरून चालायचं?

दुसरी शंका मशीनची. एकाच पेशंटमध्ये एका मशीनवर बी-लाइन्स (प्ल्युरापासून खाली जाणाऱ्या उभ्या चमकदार रेषा) ढीगभर आणि दुसऱ्यावर दोन-तीनच, असं का होतं? कोणती सेटिंग बदलायची?

कन्सल्टंट_आयसीयू

स्लाइडिंग दिसलं तर प्रोबखालच्या त्या जागी न्यूमोथोरॅक्स नाही, हे ठामपणे सांगता येतं. उलट बाजूने तसं सांगता येत नाही. स्लाइडिंग नसणं याचा अर्थ इतकाच की प्ल्युराचे दोन थर एकमेकांवर सरकत नाहीत. मध्ये हवा असेल, किंवा फुप्फुस चिकटून असेल पण त्यात श्वासच जात नसेल.

तुम्ही लिहिलेल्या चित्रात, उजवीकडे सगळं ठीक, डावीकडे शांत आणि बीपी टिकलेलं, माझा पहिला संशय ट्यूबवर जाईल. ट्यूब उजव्या ब्रॉन्कसमध्ये सरकली की हुबेहूब हेच दिसतं. पेशंटला कूस बदलून दिल्यावर किंवा तोंडाची टेप बदलल्यावर हे सहज घडतं. त्यामुळे प्रोब खाली ठेवण्याआधी ट्यूबवरचा ओठापाशीचा आकडा वाचा आणि चार्टवरच्या आकड्याशी ताडून बघा. सरकलेली असेल तर ट्यूबचा कफ (टोकाजवळचा फुगा) सैल करून १–२ सेंमी मागे घ्या, कफ भरा, काही श्वास जाऊ द्या आणि त्याच जागी पुन्हा बघा. स्लाइडिंग परत आलं तर तिथेच निदान झालं.

दुसरी शक्यता म्यूकस प्लग, म्हणजे श्वासनलिकेत अडकलेला चिकट स्रावाचा बोळा. सक्शन कॅथेटर किती आत जातं ते बघा. मग प्रोब मागे, पोस्टेरियर अ‍ॅक्झिलरी लाइनवर डायफ्रॅमच्या वर न्या. तिथे फुप्फुस लिव्हरसारखं घट्ट दिसलं, आतले एअर ब्रॉन्कोग्राम (श्वासनलिकांमधल्या हवेच्या चमकदार खुणा) श्वासाबरोबर हलत नसले आणि डायफ्रॅम वर ओढला गेला असेल, तर बाजू बंद पडली आहे. अशा छातीत आयसीडी घालणं म्हणजे फुप्फुसातच नळी खुपसण्याचा धोका. हलणारा एअर ब्रॉन्कोग्राम दिसला तर ब्रॉन्कस उघडा आहे, मग निमोनियाकडे बघा.

बाकी कारणंही लक्षात असू द्या: आधी झालेला प्ल्युरोडेसिस (प्ल्युराचे थर मुद्दाम चिकटवणं), जुनी चिकटलेली प्ल्युरा, मोठा बुल्ला (फुप्फुसातली हवेची पोकळी), गंभीर एआरडीएसमधलं (फुप्फुसांना तीव्र सूज येऊन श्वसन ढासळणं) ताठर फुप्फुस, दम्यात हवा अडकून फुगलेली छाती. शिवाय स्लाइडिंग तळाशी जास्त आणि शिखरापाशी मुळातच कमी असतं. ६ मिली प्रति किलोच्या टायडल व्हॉल्यूमवर (दर श्वासाला जाणारी हवा) दुसऱ्या स्पेसमध्ये (दोन बरगड्यांमधली जागा) ते जेमतेम जाणवतं.

आता न्यूमोथोरॅक्स ठरवायचा कसा ते. पेशंट उताणा असेल तर हवा पुढे येते, म्हणून मिड-क्लॅव्हिक्युलर लाइनवर दुसऱ्या ते चौथ्या स्पेसपासून सुरुवात. डोकं ४५ अंश वर असेल तर हवा शिखराकडे सरकते, तेव्हा झेपत असेल तर पलंग सपाट करून बघा. प्रोब उभा धरा, वर-खाली दोन बरगड्यांच्या सावल्या आणि मध्ये साधारण अर्धा सेंमी खोल चमकणारी प्ल्युरल लाइन, हे चित्र मिळाल्याशिवाय काहीही ठरवू नका. त्या जागी एक जरी खरी बी-लाइन दिसली तरी तिथे न्यूमोथोरॅक्स नाही. लंग पल्स (हृदयाच्या ठोक्याबरोबर प्ल्युरल लाइनचं थरथरणं) दिसली तरी नाही. दोन्ही नसतील, फक्त ए-लाइन्स (प्ल्युरल लाइनखाली सारख्या अंतरावर दिसणाऱ्या आडव्या रेषा) असतील, तर त्याच स्पेसमधून प्रोब हळूहळू बाजूला, बगलेकडे न्या. एका ठिकाणी श्वास आत जाताना फुप्फुस पडद्यावर येतं आणि बाहेर सोडताना निघून जातं. तो लंग पॉइंट. तो सापडला की निदान पक्कं. पण फुप्फुस पूर्ण कोसळलं असेल तर लंग पॉइंट कुठेच सापडत नाही, म्हणून तो नाही म्हणजे न्यूमोथोरॅक्स नाही असंही समजू नका.

डावीकडे एक फसगत फार होते. हृदयाच्या कडेला फुप्फुस पुढे-मागे होतं, ते लंग पॉइंटसारखंच दिसतं. खालच्या बाजूला डायफ्रॅमपाशीही फुप्फुसाचा पडदा असाच उघडतो-मिटतो. या दोन जागा सोडून शोधा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं थेट उत्तर: बीपी टिकून असेल तर वरचं सगळं दोन-तीन मिनिटांत होतं, ते करा आणि तरीही शंका उरली तर एक्स-रे किंवा सीटी. बीपी कोसळत असेल, प्रेशर चढत असेल, ट्यूब जागेवर असेल आणि त्या बाजूला स्लाइडिंग, बी-लाइन, लंग पल्स यांपैकी काहीच नसेल, तर लंग पॉइंट शोधत बसू नका, हवा मोकळी करा. प्रौढांमध्ये सुईसाठी चौथी–पाचवी स्पेस, मिड-अ‍ॅक्झिलरी लाइनच्या थोडं पुढे.

एक गोष्ट जाता जाता. लिश्टेनस्टाइन यांचा २००८ चा ब्लू प्रोटोकॉल (लंग अल्ट्रासाउंडने कारण शोधण्याची पद्धत) तीव्र श्वसन-अपयशाने आयसीयूत आलेल्या पेशंटसाठी मांडला गेला. ट्यूब सरकणं, प्लग अडकणं हे प्रश्न त्याच्या तक्त्यात नाहीत. व्हेंटिलेटरवर तो जसाच्या तसा चालवला की अशीच गडबड होते.

सोनो_फिजिक्स

मशीनच्या शंकेवर लिहितो. बी-लाइन ही खरी रचना नाही, तो आर्टिफॅक्ट, म्हणजे चित्रात उमटणारा भास आहे. आणि आजकालच्या मशीनचं सॉफ्टवेअर आर्टिफॅक्ट पुसण्यासाठीच बनवलेलं असतं. अ‍ॅब्डोमेनच्या प्रीसेटवर (आधीच ठरवलेल्या सेटिंग्जवर) फुप्फुस बघितलं की मशीन इमानदारीने तुमच्या बी-लाइन्स साफ करतं.

सगळ्यात आधी कंपाउंड इमेजिंग बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण काम एकच: वेगवेगळ्या कोनांतून किरण पाठवून चित्रांची सरासरी काढणं. बी-लाइन उभी आणि एका दिशेची, त्यामुळे सरासरीत ती पंख्यासारखी फाकते किंवा फिकी होते. त्यानंतर स्पेकल (चित्रातला दाणेदारपणा) कमी करणारा फिल्टर आणि हार्मोनिक्स बंद. पर्सिस्टन्स अगदी कमी, कारण ते जास्त असलं की मागची फ्रेम पुढच्या फ्रेममध्ये मिसळते आणि स्लाइडिंग धूसर होतं. ‘स्लाइडिंग नाही’ म्हणून नोंदवलेल्या कितीतरी केसमध्ये पर्सिस्टन्सच चढवलेलं असतं, हे मला फार गंभीर वाटतं. लंगचा प्रीसेट असेल तर उत्तम, पण त्यातही या गोष्टी एकदा तपासून घ्या.

फोकस प्ल्युरल लाइनवर आणा. फोकस खोल गेला की बी-लाइन्सची संख्याच बदलते. स्लाइडिंगसाठी लिनिअर प्रोब, डेप्थ ४–५ सेंमी. बी-लाइन्स मोजायला कर्व्हिलिनिअर आणि १२–१५ सेंमी, कारण खरी बी-लाइन पडद्याच्या तळापर्यंत न विझता जाते, ए-लाइन पुसते आणि स्लाइडिंगबरोबर सरकते. मध्येच विझणारी, ए-लाइन तशीच ठेवणारी बारीक शेपटी मोजायची नाही. आणि रेषा प्ल्युराच्या वरूनच निघत असतील, बरगड्याच दिसत नसतील, तर ती कातडीखालची हवा आहे. तिथे फुप्फुसाबद्दल काहीच बोलता येत नाही.

प्रोब प्ल्युरावर अगदी काटकोनात हवा. थोडा कलला तरी ए-लाइन्स जातात आणि चित्र उगाच संशयास्पद होतं.

रोज लंग अल्ट्रासाउंडचा स्कोअर काढत असाल तर मशीन, प्रोब, प्रीसेट आणि डेप्थ तेच ठेवा. १२ जागा, प्रत्येकी ० ते ३, म्हणजे एकूण जास्तीत जास्त ३६. काल एका मशीनवर १४ आणि आज दुसऱ्यावर ९ आलं म्हणजे पेशंट सुधारला असं नाही.

श्वास_आणि_पाणी

वरच्या मुद्द्याला जोडून एवढंच: बी-लाइन्स दिसल्या की लगेच फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारं औषध), हे टाळा. एका स्पेसमध्ये ३ किंवा जास्त, दोन्ही बाजूंना दोन-दोन जागी, म्हणजे इंटरस्टिशियल सिंड्रोम (फुप्फुसाच्या ऊतींमध्ये पाणी किंवा सूज), इतकंच. कारण हृदयाचं असेल तर रेषा सगळीकडे सारख्या आणि प्ल्युरल लाइन गुळगुळीत असते. एआरडीएसमध्ये प्ल्युरल लाइन खडबडीत, तुटक, तिच्या खाली छोटे काळे चट्टे आणि मध्येमध्ये अगदी कोऱ्या जागा. हृदयावर प्रोब ठेवल्याशिवाय पाण्याचा निर्णय घेऊ नका. पीईईपी (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) वाढवून बी-लाइन्स कमी झाल्या तर भाग उघडला हे कळतं, पण चांगला भाग जास्त ताणला जातोय का ते अल्ट्रासाउंड दाखवत नाही.

रात्रपाळी_रेसिडेंट

फार उपयोगी पडलं, मनापासून आभार. एक राहिलं. डाव्या बाजूला हृदय शेजारीच असल्यामुळे सगळंच धडधडताना दिसतं. मग लंग पल्स खरी की छातीची भिंतच हलतेय, हे कसं ओळखायचं?

कन्सल्टंट_आयसीयू

यासाठी एम-मोड लावा आणि प्ल्युरल लाइनच्या वर आणि खाली वेगवेगळं बघा. खऱ्या लंग पल्समध्ये वरचे स्नायूंचे थर सरळ आडव्या रेषांत राहतात आणि नेमकं प्ल्युरल लाइनपासून खाली बारीक उभे ठोके उमटतात. ते मॉनिटरच्या ईसीजीशी जुळतात. भिंत हलत असेल तर ठोका कातडीपासूनच सुरू होतो आणि वर-खाली सारखाच दिसतो. तो धरायचा नाही.

हीच गोष्ट धापा टाकणाऱ्या पेशंटमध्ये उलटी फसवते. स्नायू जोरात आकसतात, एम-मोडमध्ये वाळूसारखं दाणेदार चित्र येतं आणि ‘स्लाइडिंग आहे’ असं वाटतं. वाळू प्ल्युरल लाइनवरच सुरू होते की तिच्या वरूनच, ते डोळ्यांनी शोधा. वरूनच सुरू होत असेल तर ती स्नायूंची आहे, न्यूमोथोरॅक्स असतानाही ती दिसू शकते.

ठोका अंधूक वाटला तर दुसऱ्या-तिसऱ्या स्पेसमध्ये जरा बाहेरच्या बाजूला सरका, हृदयापासून लांब. पेशंट औषधाने पॅरलाइझ केलेला असेल आणि प्रकृती झेपणारी असेल तर काही सेकंदांचा एक्स्पिरेटरी होल्ड द्या (श्वास बाहेर सोडल्यावर व्हेंटिलेटरचा पुढचा श्वास थांबवणं). श्वासाची हालचाल थांबली की ठोके स्वच्छ वेगळे होतात. क्लिप साठवताना ईसीजीची पट्टी पडद्यावर असू द्या आणि बाजू व स्पेस लिहून ठेवा, म्हणजे सकाळच्या टीमला त्याच जागी पुन्हा प्रोब लावून बघता येईल.