आजोबांचं .32 रिव्हॉल्व्हर: चालतं ठेवायचं की निकामी करून भिंतीवर टांगायचं?

निफाडचा_नातू:
काल 'नेमस्त' यांनी लिहिलं, "घरातली जुनी रिव्हॉल्व्हरं निकामी करून भिंतीवर लावा. परदेशात लोक त्यांच्यासाठी घरी काडतुसं भरत बसतात, तो जिवाशी खेळ आहे." शंभर वर्षांचं यंत्र दोन ओळींत मारून टाकलंत, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्याकडे आजोबांचं .32 आहे, परवाना वारसाने माझ्या नावावर झालाय. खटका दाबला की नळी खाली झुकते आणि चकरीतला (गोळ्या बसवायच्या फिरत्या नळकांड्यातला) ताऱ्याच्या आकाराचा तुकडा वर येऊन काडतुसांच्या पाचही पुंगळ्या एकदम उचलतो. मुठीची डावी बाजू आजोबांच्या अंगठ्याने गुळगुळीत झालीय. आजही तिथे अंगठा आपोआप बसतो. या चकरीत 1878 सालचं आखूड काडतूस लागतं. आपल्याकडे मिळतं ते 1896 सालचं लाँग, त्याची पुंगळी जवळपास 8 मिमी जास्त लांब. ते घातलं तर चकरी फिरतच नाही. म्हणजे शस्त्र कायदेशीर, पण त्यात घालायला काही नाही. बाहेरचे संग्राहक शिशाची मऊ गोळी आणि दारूचं हलकं माप वापरून स्वतः काडतुसं भरतात आणि अशी यंत्रं चालती ठेवतात. आपल्याकडेही कडक परवाना देऊन ही सोय का होऊ नये?

नेमस्त:
चालतं ठेवून करायचं काय? द्राक्षबागेत रानडुकरं मारणार? ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे एकच गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे त्यातून गोळी सुटता कामा नये.

तोफखाना_देवळाली:
26 वर्षं हत्यारं तपासण्याचंच काम केलं, त्यामुळे राहवत नाही. नातू साहेब, तुमचं यंत्र काळ्या दारूच्या जमान्यातलं. काळी दारू पुंगळीत गच्च भरायची असते. स्मोकलेस, म्हणजे आजची बिनधुराची दारू, चिमूटभर पुरते, पुंगळी अर्धीही भरत नाही. बोलता बोलता एकाच पुंगळीत दुसऱ्यांदा माप पडलं तर वरून पत्ता लागत नाही. गोळी बसवली की संपलं.

एकदा एक सहा घरांचं, म्हणजे सहा गोळ्यांचं, रिव्हॉल्व्हर हातात आलं होतं. बाहेरून लखलखीत. चकरी थांबवणारी खाच बरोबर घराच्या डोक्यावर, तिथे धातू सगळ्यात पातळ. तिथली चीर नखाला लागली नाही, भिंगाखाली दिसली. मालक त्याच दिवशी चालवणार होता.

निफाडचा_नातू:
माझं पाच घरांचं आहे आणि खाचा दोन घरांच्या मधे येतात. सगळ्यांना एकाच मापात मोजू नका.

वकील_शरणपूररोड:
धातूचं तुमचं तुम्ही बघा. काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं. शस्त्र कायदा 1959, कलम 5. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय केलंत तर किमान 7 वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. आणि 'अँटिकला परवाना लागत नाही' हे पसरवणं बंद करा. कलम 45 ची सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा शस्त्राला आहे, जुनं दिसणाऱ्याला नाही.

पंचवटीकर:
नाशिकने रिव्हॉल्व्हरची भीती बाळगायची? 21 डिसेंबर 1909, विजयानंद नाट्यगृह, कलेक्टर जॅक्सनचा वध. अनंत कान्हेऱ्यांच्या हातात रिव्हॉल्व्हरच होतं ना?

तोफखाना_देवळाली:
नव्हतं. ब्राउनिंग पिस्तूल होतं, त्याला चकरीच नसते. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीनबरोबर 20 ब्राउनिंग पिस्तुलं धाडली, त्यांतलं.

पंचवटीकर:
आमच्या आजी रिव्हॉल्व्हरच म्हणायच्या. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे, देशपांडे फासावर गेले आणि तुम्ही इथे पिस्तूल की रिव्हॉल्व्हर यावर काथ्याकूट करताय?

तोफखाना_देवळाली:
हो, करतोय. फासावर गेलेल्या माणसांच्या हातात काय होतं हे नीट सांगणं हाही आदरच आहे. आजींचा मान राखून सांगतो, त्या काळी घरोघरी सगळ्यालाच रिव्हॉल्व्हर म्हणत.

निफाडचा_नातू:
यावर मी तोफखान्यांच्या बाजूने. आणि हा गोंधळ नुसता इतिहासातला नाही. ब्राउनिंगच्या पिस्तुलासाठी निघालेलं काडतूसही .32 च म्हणवतं, पण ते 7.65 मिमीचं वेगळं काडतूस. त्याच्या बुडाची कड इतकी बारीक की बऱ्याच .32 रिव्हॉल्व्हरांत ते बसतं आणि दाब मात्र त्यांना न झेपणारा. दुकानात नुसतं "बत्तीसचं द्या" म्हणणारे लोक मी पाहिलेत.

पंचवटीकर:
बरं, पिस्तूल. पण शब्दावरून आजीला खोटं पाडलंत ते लक्षात राहील.

सातपूरचा_शेजारी:
तुम्ही दारूवर भांडताय. आमचं हत्यार प्रत्येक निवडणुकीला ठाण्यात जमा होतं. मागच्या वेळी परत मिळालं तेव्हा घोड्याच्या खोबणीत तांबूस गंज. गोणपाटात गुंडाळून ओल्या भिंतीशी ठेवलं होतं. विचारलं तर, "पावती आहे ना? मग घ्या." वडिलांनी दर रविवारी धोतराच्या फडक्याने पुसलेली वस्तू होती ती. हातात घेऊन पायऱ्यांवरच बसलो.

नेमस्त:
हे वाचून वाईट वाटलं. निकामी करा म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर वस्तू होती, वडील नव्हते. एवढं मान्य करतो. काडतुसं घरी भरण्याला माझा विरोध मात्र तसाच आहे.

निफाडचा_नातू:
वकील साहेब, परवान्याशिवाय दारूला हात लावणार नाही, मी मागतोय ती सोयच कायदेशीर आहे. तोफखाने, दुसऱ्यांदा माप पडण्याच्या मुद्द्यावर मला उत्तर नाही. घाई करणाऱ्या माणसाच्या हाती हे काम देऊ नये, इथपर्यंत येतो. पण आजोबांच्या चकरीला भोक पाडून टांगणार नाही.

तोफखाना_देवळाली:
भोक पाडा असं मी कधी म्हटलंच नाही. रविवारी घेऊन या, परवान्याची मूळ प्रत बरोबर ठेवा. चकरी रिकामी, खाचा स्वच्छ पुसलेल्या. भिंग माझ्याकडे आहे. काडतुसांचा विषय त्या दिवशी काढायचा नाही.