घरी बनवलेल्या स्कीची चाचणी कोल्हापुरात कशी घ्यावी?

प्रश्न: उत्तराखंडातील औलीच्या बर्फावर घसरण्यासाठी उद्यमनगरातील वर्कशॉपमध्ये स्कीची जोडी बनवत असून, बांबूच्या गाभ्यावर दोन्ही बाजूंनी फायबरग्लास (काचतंतूंचे कापड) व इपॉक्सी (सुकून कडक होणारी चिकट राळ) चढवणार आहे. येथे बर्फ नसताना ताकद कशी तपासावी?

उत्तर १: दोन्ही टोकांना आधार देऊन मध्यभागी वजन टप्प्याटप्प्याने वाढवावे, प्रत्येक वेळी बाक मोजावा आणि वजन काढल्यावर स्की मूळ आकारात परतते का, ते पाहावे. जोडीतील दोन्हींचा बाक सारखाच हवा.

उत्तर २: मला थर एकमेकांना चिकटण्याची काळजी अधिक वाटते. दमट हवेत काही इपॉक्सींवर मेणचट थर येतो आणि तो पाण्याने धुऊन घासल्याशिवाय पुढचा थर नीट धरत नाही. स्कीच्या तळाला लावायचे पॉलिथिलीन (गुळगुळीत प्लॅस्टिक) तर ज्योत फिरवण्यासारखी प्रक्रिया केल्याशिवाय नीट चिकटत नाही. कोल्हापूरच्या जुलैत हे काम काढूच नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे; चिकटवण्याचे काम दिवाळीनंतर घेतो.