मदत हवी आहे: निफ्टी फ्युचर्स, शीट +१७,७०० आणि लेजर −११,१६६. मधले २८,८६६ कुठे गेले?

लॉटभर | शनि, ४ ऑक्टोबर २०२५, सकाळी १०:१२
निफ्टी फ्युचर्स (निर्देशांकाचे वायदे) डे ट्रेडिंग. सप्टेंबरचा हिशेब लावतोय. माझ्या एक्सेल शीटमध्ये महिन्याचे +२३६ पॉइंट, म्हणजे १७,७०० रुपये नफा. ब्रोकरच्या लेजरमध्ये (खातेवहीत) महिनाभरात ११,१६६ कमी झालेत. पैसे काढलेले नाहीत, भरलेले नाहीत. आमच्या सहा जणांच्या ग्रुपवर आज संध्याकाळपर्यंत महिन्याचा निकाल टाकायचा असतो. कस्टमर केअर ‘चार्जेस असतील’ एवढंच सांगतंय. अठ्ठावीस हजार चार्जेस?? लवकर सांगा.

खर्चिक | १०:२०
किती लॉट (सौद्याची ठरलेली किमान मात्रा)? एकूण किती सौदे? शीटमधले भाव कुठून घेता, चार्टवरून की कॉन्ट्रॅक्ट नोटमधून (ब्रोकरकडून येणारी सौद्यांची पावती)? एवढं कळल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

नदीकाठ | १०:२३
बाजार नियामक सेबीचा जुलैचा अभ्यास वाचा. एफ अँड ओमधल्या (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) ९१ टक्के लोकांना २०२४-२५ मध्ये तोटा झाला, निव्वळ तोटा १ लाख कोटींच्या वर. इंडेक्स फंडात एसआयपी करा, शांत झोपा.

लॉटभर | १०:३१
@नदीकाठ, प्रश्न तो नाहीये हो.
@खर्चिक, प्रत्येक वेळी एकच लॉट, ७५. सौदे ४०, म्हणजे घेऊन विकणं किंवा विकून घेणं मिळून एक. ब्रोकरेज ऑर्डरला २० रुपये. ४० × ४० = १,६०० झाले. बाकीचे?

खर्चिक | १०:५२
बाकीचे ब्रोकरला गेलेलेच नाहीत. निफ्टी फ्युचर २५,००० धरा, लॉट ७५, म्हणजे सौद्याची किंमत १८,७५,०००. एका पूर्ण सौद्याचा खर्च असा:
एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) विक्रीवर ०.०२ टक्के = ३७५. एक्स्चेंजचा आकार दोन्ही बाजूंना ०.००१७३ टक्के = ६४.८८. मुद्रांक शुल्क खरेदीवर ०.००२ टक्के = ३७.५०. सेबी, कोटीला १० रुपये = ३.७५. ब्रोकरेज ४०. ब्रोकरेज, एक्स्चेंज आणि सेबी या तिन्हींवर १८ टक्के जीएसटी = १९.५५.
बेरीज ५४१ च्या आतबाहेर. भागिले ७५ केलं की ७.२ पॉइंट. म्हणजे घेतल्या घेतल्या तुम्ही सव्वासात पॉइंट मागे असता. ४० सौदे × ५४१ = २१,६४०. तुमचा +१७,७०० इथेच −३,९४० झाला. अजून ७,२२६ शोधायचे आहेत.

शून्यब्रोकरेज | १०:५८
ब्रोकर बदला. फ्युचर्सवर ब्रोकरेज न घेणारे आहेत. महिन्याला चांगली बचत होते.

खर्चिक | ११:०४
५४१ पैकी ३७५ एसटीटी. ब्रोकरेज शून्य केलं तरी ४० आणि त्यावरचा जीएसटी ७.२० असे ४७ वाचतात, पॉइंटमध्ये ०.६३. वाचवा, पण खरा जड धोंडा एसटीटी आहे. १ ऑक्टोबर २०२४ ला तो ०.०१२५ वरून ०.०२ केला. कुठल्याही ब्रोकरकडे गेलात तरी तेवढाच.

कॉलपुट | ११:०९
म्हणूनच फ्युचर सोडा, ऑप्शन घ्या. दीडशे प्रीमियमच्या (म्हणजे ऑप्शनच्या भावाच्या) एका लॉटचा पूर्ण खर्च ६८ रुपयांच्या आसपास. ५४१ कुठे आणि ६८ कुठे.

खर्चिक | ११:१५
ॲट द मनी (चालू भावाजवळच्या) ऑप्शनचा डेल्टा अर्धा. निफ्टी १० हलला की तुम्हाला ५ मिळतात, म्हणजे ६८ रुपये हे निफ्टीचे १.८ पॉइंट झाले. तरी स्वस्तच, कबूल. पण थीटा (वेळ जाईल तशी प्रीमियमची घट) कोण भरणार? एक्स्पायरीच्या (मुदत संपण्याच्या) मंगळवारी दुपारी बाजार जागेवर उभा राहिला तर प्रीमियम बसल्या बसल्या वितळतं. फ्युचरमध्ये तसं होत नाही.

कॉलपुट | ११:१७
तासाभराच्या सौद्यात थीटा कितीसा असतो?

खर्चिक | ११:१८
एक्स्पायरीच्या दिवशी? वेगळा धागा काढा, तिथे भांडू. इथे लॉटभरचे ७,२२६ राहिलेत.

कॉन्ट्रॅक्टनोट | ११:३०
लॉटभर, खर्चिकनी भाव कुठून घेता ते विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

लॉटभर | ११:३८
चार्टवरून. एंट्री कँडल बंद झाली तो भाव, आणि एक्झिटला जो स्टॉपलॉस किंवा टार्गेट लावला तो. चार्ट निफ्टीचाच आहे.

कॉन्ट्रॅक्टनोट | ११:४१
निफ्टीचा म्हणजे स्पॉट (निर्देशांकाचा चालू आकडा), की चालू महिन्याच्या फ्युचरचा?

लॉटभर | ११:४३
स्पॉट. सगळे तोच बघतात ना?

कॉन्ट्रॅक्टनोट | ११:५६
बघा खुशाल, पण हिशेबात धरू नका. एक, स्पॉट आणि फ्युचरमधला फरक दिवसभर हलत असतो. स्पॉट २५,०३० असताना फ्युचर २५,११० ला घेतलं, स्पॉट २५,०६० ला गेल्यावर फ्युचर २५,१३६ ला विकलं. शीट म्हणते ३० पॉइंट, हातात आले २६. दोन, तुम्ही ट्रिगरचा भाव लिहिताय. एसएल-एममध्ये (स्टॉपलॉस-मार्केट ऑर्डर) ट्रिगर लागला की ऑर्डर बाजारभावाने जाते, समोर जो भाव असेल तो मिळतो. सकाळी ९:१५ च्या पहिल्या मिनिटाला आणि मोठी बातमी असेल तेव्हा दोन-चार पॉइंट सहज सरकतात. लिमिटवाला एसएल लावलात तर उलटी भीती: २४,९५० ट्रिगर, २४,९४५ लिमिट, आणि भाव थेट २४,९४० वर गेला तर ऑर्डर तशीच लटकते आणि तोटा वाढत जातो.

पहिला_तास | १२:०२
शिवाय पार्शल फिल! एक ऑर्डर तीन भावांना भरली जाते आणि आपण पहिलाच भाव लिहितो. ही चूक सगळे करतात.

कॉन्ट्रॅक्टनोट | १२:०५
एका लॉटला पार्शल फिल होत नाही. लॉट हीच सगळ्यात लहान सौद्याची मात्रा. चार लॉट असतील तर तुमचं म्हणणं बरोबर, तेव्हा सरासरी भाव घ्यायचा.

गणितीपाटी | १२:१४
स्पॉट-फ्युचरच्या फरकाचा मुद्दा अर्धाच पटला. प्रीमियम (इथे स्पॉटच्या वर फ्युचर जेवढं असतं तेवढा फरक) आटला तर लाँगवाल्याचं (आधी घेणाऱ्याचं) नुकसान, पण शॉर्टवाल्याचा (आधी विकणाऱ्याचा) तेवढाच फायदा. वर्षाला साडेसहा टक्के कॅरी (फ्युचरच्या भावात धरलेलं व्याज) धरली तर २५,००० वर दिवसाला साडेचार पॉइंटच्या आत प्रीमियम आटतो. दोन तासांच्या सौद्यात त्यातलं किती येणार? चाळीस सौद्यांत लाँग-शॉर्ट मिसळलेले असतील तर हे बरंचसं एकमेकांत जिरतं. स्लिपेज (ठरवलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक) मात्र नेहमी आपल्याच विरुद्ध जातं.

कॉन्ट्रॅक्टनोट | १२:१७
मान्य. पण किती ते अंदाजाने कशाला? ट्रेडबुकची सीएसव्ही उतरवा, एकेका सौद्याचे खरे भाव शीटमध्ये शेजारच्या रकान्यात टाका आणि वजा करा. चाळीस ओळी आहेत, अर्धा तास पुरे.

लॉटभर | दुपारी १:२२
केलं. चाळीस सौद्यांत मिळून ४१ पॉइंट कमी. ३,०७५ रुपये. आता ४,१५१ उरले. यात डिमॅटचा वार्षिक आकार वगैरे असू शकतो का?

खर्चिक | १:२८
तो असला तर लेजरमध्ये वेगळी ओळ दिसते. तसं काही आहे का? आणि ३० सप्टेंबरला रात्री काही उघडं (बंद न केलेला सौदा) होतं का?

लॉटभर | १:३३
वेगळी ओळ नाही. उघडं होतं. ३० ला ऑक्टोबरचं फ्युचर घेतलं होतं, १ तारखेला विकलं. ते मी ऑक्टोबरमध्ये धरलंय, सप्टेंबरच्या शीटमध्ये नाही.

खर्चिक | १:३५
अहो डे ट्रेडिंग म्हणालात ना!

लॉटभर | १:३६
एकदाच केलं हो.

खर्चिक | १:४९
तेच आहे. फ्युचरचा नफा-तोटा विकल्यावर नाही, रोज रात्री रोखीत वळता होतो. त्या दिवशीच्या सेटलमेंट भावाशी तुमची खरेदी लावतात. हा भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे, फ्युचरच्या शेवटच्या अर्ध्या तासाची मात्रेनुसार सरासरी. म्हणून चार्टवरच्या ३:३० च्या भावाशी तो जुळेलच असं नाही. ३० तारखेच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये एमटीएमची (या रोजच्या नफा-तोट्याची) ओळ बघा. दुसऱ्या दिवशी त्याच सेटलमेंट भावापासून पुढचा हिशेब सुरू होतो. खरेदीच्या बाजूचे आकारही ३० लाच लागले: ब्रोकरेज २०, एक्स्चेंज ३२, मुद्रांक ३७.५०, जीएसटी, सेबी, मिळून १०१.

लॉटभर | १:५५
एमटीएम −४,०५०. आणि १०१. बरोबर ४,१५१!! २१,६४० + ३,०७५ + ४,१५१ = २८,८६६. लागला हिशेब. पण मग ग्रुपवर काय टाकू? +१७,७०० की −११,१६६?

गणितीपाटी | २:०८
दोन्ही नको. बंद झालेले ४० सौदे: १७,७०० − ३,०७५ − २१,६४० = −७,०१५. उघड्या पोझिशनचा −४,१५१ वेगळ्या ओळीत, नाहीतर १ तारखेला जे मिळालं ते ऑक्टोबरमध्ये भलतंच मोठं दिसेल. आणि रुपयांत टाकू नका. सहा जणांत कोणी एक लॉट करतो, कोणी पाच. खर्च वजा जाता सौद्यामागे पॉइंट टाका: −७,०१५ भागिले ७५ भागिले ४०, म्हणजे −२.३४. तुलना त्याचीच होऊ शकते.

पहिला_तास | २:१३
मार्जिनवर (ब्रोकरकडे ठेवाव्या लागणाऱ्या अनामतीवर) टक्के टाकायचे. सगळे तसंच टाकतात.

गणितीपाटी | २:२६
मार्जिन रोज बदलतं, आणि कोणी खात्यात दोन लाख ठेवतो, कोणी दहा. टक्क्यांना अर्थ राहत नाही. त्यापेक्षा आर मध्ये मोजा. आर म्हणजे एंट्रीच्या वेळी ठरवलेला स्टॉप. तिथे खर्चाचं खरं वजन दिसतं. स्टॉप १५, टार्गेट १५ असेल आणि खर्च ७.२ अधिक स्लिपेज १ असे ८.२ धरले, तर जिंकल्यावर ६.८ मिळतात, हरल्यावर २३.२ जातात. नुसतं बरोबरीत यायला शंभरात ७७ सौदे जिंकावे लागतात. स्टॉप ४०, टार्गेट ६० ठेवलं तर तेच प्रमाण ४८. लॉटभर, तुमचा स्टॉप किती असतो?

लॉटभर | २:३१
१५ ते २०.

खर्चिक | २:३२
मग हे व्हायचंच होतं.

पहिला_तास | २:३६
असं नाही. छोट्या स्टॉपमध्ये सौदे जास्त मिळतात. ४० स्टॉप म्हणजे एका फटक्यात ३,००० आणि वर खर्च. एका लॉटवाल्याला झेपेल का?

गणितीपाटी | २:४०
सौदे जास्त म्हणजे ५४१ जास्त वेळा. हरकत नाही, पण मग ७७ टक्के जिंकून दाखवा.

करदाते | २:४४
मंडळी, विवरणपत्राचं पण बघा. आयटीआर-३ लागतो. उलाढाल म्हणजे १८,७५,००० × ४० नव्हे, एकेका सौद्याच्या नफ्या-तोट्याच्या, चिन्ह न बघता केलेल्या बेरजा. दिवसाच्या दिवशी कापलं तरी निफ्टी फ्युचर कलम ४३(५) प्रमाणे सट्टा धरत नाहीत, साधा व्यवसाय धरतात. तोटा पगारातून वजा होत नाही, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तर पुढची ८ वर्षं ओढता येतो. ऑडिटची मर्यादा…

लॉटभर | २:४७
करदाते साहेब, ते जुलैत विचारतो.
ग्रुपमधला एक जण रोज मोबाइलच्या पोझिशन स्क्रीनचा फोटो टाकतो, कायम हिरवा. त्याचं काय?

कॉन्ट्रॅक्टनोट | ३:०३
पोझिशन स्क्रीनवरचा आकडा आकार न कापलेला असतो. शिवाय दुसऱ्या खात्यात काय चाललंय ते त्यात दिसत नाही. पुरावा म्हणजे डिजिटल सही असलेली कॉन्ट्रॅक्ट नोट. पण ती जशीच्या तशी ग्रुपवर टाकू नका, तिच्यात पॅन, क्लायंट कोड, पत्ता असतो. काही ब्रोकर व्हेरिफाइड पी अँड एलची लिंक देतात, ती बरी. तीही सगळ्यांनी पूर्ण महिन्याचीच द्यायची, निवडक दिवसांची नाही. आणि त्या हिरव्या फोटोवाल्याने उद्या पैसे घेऊन कॉल (सौद्यांचे सल्ले) द्यायला सुरुवात केली तर आधी सेबीचा नोंदणी क्रमांक मागा.

लॉटभर | ३:११
टाकलं ग्रुपवर. −२.३४ पॉइंट सौद्यामागे, उघडी पोझिशन वेगळी. आता बाकीचे विचारतायत की त्यांचे आकडे आकार कापून आहेत का नाहीत. कोणालाच माहीत नाही.

खर्चिक | ३:१४
माझी ५४१ ची ओळ तिकडे चिकटवा. भाव २५,००० पासून लांब गेला तर ब्रोकरेज सोडून बाकी सगळं त्याच प्रमाणात बदलायचं.

नवाखाते | ५:५०
कॉन्ट्रॅक्ट नोटची पीडीएफ उघडत नाहीये, पासवर्ड चुकीचा म्हणतेय. कोणाला माहीत आहे का?

कॉन्ट्रॅक्टनोट | ५:५४
पॅन टाकताय ना? सगळी अक्षरं मोठी टाका.