मदत हवी आहे : महाबळेश्वर आणि पाचगणीच्या पावसातील फरक कसा समजावावा?

नववीच्या वर्गाला हवामानावर परिणाम करणारे घटक शिकवताना एका प्रश्नापाशी अडलो आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर असून तेथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला जेमतेम वीस किलोमीटरवर, जवळपास १,३०० मीटर उंचीवर असलेल्या पाचगणीला मात्र त्याच्या साधारण एक तृतीयांशच. अक्षांश तेच, नैऋत्य मोसमी वारे तेच, समुद्रापासूनच्या अंतरातही फारसा फरक नाही.

घाट ओलांडल्यावर हवा खाली उतरते, तापते आणि कोरडी होते, हे पर्जन्यछायेचे नेहमीचे स्पष्टीकरण मी फळ्यावर आकृती काढून दिले. पाचगणीच्या खाली, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वाईपुरते ते मुलांना पटले. पण एका मुलीने आकृतीतल्या पाचगणीवर बोट ठेवून विचारले, “सर, इथे हवा खाली उतरलीच कुठे?” शंका रास्त आहे. कड्यावर चढतानाच बरेचसे बाष्प पाऊस होऊन निघून जाते, एवढे मी सांगितले. तरी इतक्या थोड्या अंतरात एवढी घट, हे मलाच अपुरे वाटते.

वर्गात प्रोजेक्टर नाही आणि गणिती सूत्रे नको आहेत. पठारावर हवेचे चढणे थांबताच पाऊस इतक्या झपाट्याने का ओसरतो, हे फळ्यावर कसे उलगडून दाखवता येईल?